पोर्ट ६४७३८ : घरच्या राउटरपाशी गेलेले अडतीस दिवस

आमचा सहा जणांचा नाट्यवाचनाचा गट आहे. २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाला आणि मग कुणी थांबायचं नावच काढलं नाही. मी आणि सासूबाई सांगलीत गावभागात, सर मिरजेत, एक मैत्रीण जतला, एक पुण्यात, एक बंगळुरूत. दर बुधवारी रात्री साडेनऊला एक अंक. पाच वर्षं आम्ही व्हिडिओ कॉलवर वाचलं आणि पाच वर्षं एकच दुखणं सोसलं. आवाज उशिरा पोचायचा, दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज दाबला जायचा, आणि संवादातला मुद्दाम घेतलेला विराम समोरच्याला ‘नेट गेलं वाटतं’ असा ऐकू यायचा. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सप्टेंबरात एकदा ते म्हणाले, “कुठं थांबायचं ते मी ठरवायचं का नेटनं ठरवायचं गं?” ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची सुरुवात केली. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, आणि २०२५ मध्ये तो बुधवारीच येत होता. त्या दिवशी आपलं वाचन नीट व्हायचं, आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचे आवाज जोडणाऱ्या आपल्याच संगणकावर व्हायचं, असं मी ठरवून टाकलं. मम्बल नावाचा फुकट, मुक्त स्रोत संगणक-कार्यक्रम आहे. आवाज फार कमी उशिरानं पोचवतो आणि त्याचा सर्व्हर घरच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. मी शाळेत मराठी शिकवते, नेटवर्कचं शिक्षण नाही. माझ्यासारखं कुणी याच वाटेवर अडकलं असेल तर त्याचे दिवस वाचावेत म्हणून तारखांनिशी लिहितेय.

२८ सप्टेंबर, रविवार. मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही मुक्त स्रोत प्रणाली होतीच. सर्व्हर बसवायला अर्धा तास लागला. मुख्य पासवर्ड ठेवला, आत येण्यासाठी वेगळा पासवर्ड ठेवला, आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरचं नको ते अडवणाऱ्या भिंतीत, ६४७३८ हा पोर्ट (कार्यक्रमाच्या दाराचा क्रमांक) टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडला. मम्बल हा एकच क्रमांक दोन्हीसाठी वापरतो. टीसीपीवरून ओळख, खोल्या, लिखित निरोप जातात, यूडीपीवरून आवाज. हा फरक मी तेव्हा वाचला आणि विसरले. पुढं एक आख्खी संध्याकाळ त्यानं घेतली.

घरातल्या वाय-फायवरून मी आणि सासूबाई दोन खोल्यांतून बोललो. आवाज इतका लगेच येत होता की त्या म्हणाल्या, “अगं, पडद्याआडून बोलल्यासारखं वाटतंय.” मग सरांना फोन करून पत्ता दिला. त्यांच्या फोनवर मम्बलला जोडणारं मुम्ला हे अ‍ॅप आधीच घालून ठेवलं होतं. दहा मिनिटं ते प्रयत्न करत राहिले. प्रत्येक वेळी एकच : कनेक्शन टाइम्ड आउट.

‘टाइम्ड आउट’ आणि ‘रिफ्यूज्ड’ हे दोन वेगळे निरोप आहेत. रिफ्यूज्ड म्हणजे बहुतेक वेळा दारापर्यंत पोचलात, पण आत त्या नावाचं कुणी ऐकायला बसलेलं नाही. टाइम्ड आउट म्हणजे तुमची हाक वाटेत कुठंतरी गिळली गेली, उत्तरच आलं नाही. आमची हाक कुठं गिळली जातेय हे शोधायलाच पुढचा महिना गेला.

राउटर काय करतो ते मला आमच्या वाड्यावरूनच समजलं. वाड्याला घर क्रमांक एक, आत बिऱ्हाडं दहा. बिऱ्हाडकरूनं बाहेर पत्र पाठवलं की दारावरचा माणूस वहीत लिहून ठेवतो, आणि उत्तर आलं की बरोबर त्याच्याकडं नेऊन देतो. पण आपण होऊन कुणी पाहुणा आला, तर त्याला कुठल्या खोलीत सोडायचं हे दारावरच्याला माहीत नसतं, म्हणून तो परत लावतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला सांगून ठेवणं : ६४७३८ विचारत कुणी आलं तर मागच्या खोलीतल्या लॅपटॉपकडं पाठव.

२९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर हा आठवडा मी आमच्या राउटरवर घालवला. राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर पत्ता आणि पासवर्ड असतो. तिथून आत गेले, ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ नावाच्या पानावर नियम लिहिला, बाहेरचा पोर्ट ६४७३८, आतला तोच, लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०५. राउटर बंद करून चालू केला. जतच्या मैत्रिणीला रोज रात्री शाळेची कामं सोडून माझ्यासाठी बसावं लागायचं आणि रोज तोच निरोप. खंडेनवमीला पुस्तकांशेजारी लॅपटॉप आणि राउटरही ठेवला, हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला, २ तारखेला, सगळे नियम पुसून पुन्हा लिहिले. एका संध्याकाळी डीएमझेड नावाची सोय चालू केली. त्यानं बाहेरून येणारं सगळंच त्या एका लॅपटॉपकडं जातं, म्हणजे वाड्याची सगळी दारं एका खोलीत उघडतात. तरीही कुणी आलं नाही. ते लगेच बंद केलं. तुम्हीही चालू ठेवू नका.

एक गोष्ट मी तेव्हा केली ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. लॅपटॉपवर टीसीपीडम्प नावाचा कार्यक्रम चालवून ६४७३८ वर काही येतंय का ते नुसतं बघत बसले. पुण्याची मैत्रीण तिकडून जोडायचा प्रयत्न करत होती आणि माझ्या पडद्यावर एक ओळही उमटत नव्हती. सर्व्हर नाकारत नव्हता, लॅपटॉपची फायरवॉल अडवत नव्हती. हाक लॅपटॉपच्या उंबऱ्यापर्यंत येतच नव्हती. तेवढं कळल्यावर लॅपटॉपवरचा संशय संपला आणि मन थोडं निवलं.

६ ऑक्टोबरला राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर वॅन आयपी म्हणजे राउटरचा बाहेरच्या अंगाचा पत्ता पाहिला. तो होता १९२.१६८.१.४. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे असतात, ते इंटरनेटवर चालत नाहीत. मग आमच्या राउटरच्या बाहेरच्या अंगाला असा पत्ता कसा? भिंतीवर फायबरचा जो पांढरा डबा आहे, तोही राउटरच होता. दोन वर्षांपूर्वी वाड्याच्या जाड भिंतीतून त्याचं वाय-फाय माजघरात पोचेना म्हणून आम्ही दुसरा राउटर घेतला, तो त्याच्या मागं लागला. दारावर दोन माणसं, आणि मी आठवडाभर आतल्यालाच सूचना देत होते.

डब्याचा पासवर्ड नेट देणाऱ्या कंपनीनं बदललेला होता. फोन केला, ८ तारखेला मुलगा आला. “ताई, नेट तर चालू हाय की. मग अडचण काय?” मी त्याला चहा दिला आणि वहीवर दोन चौकोन काढून दाखवले. त्यानं ऐकून घेतलं, ही त्याची मोठी मदत. डबा ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे डब्यानं आता फक्त फायबरमधल्या प्रकाशाचे विजेचे संकेत करायचे, राउटरपण आमच्या राउटरकडं. कंपनीचं यूझरनेम आणि पासवर्ड आमच्या राउटरच्या पीपीपीओई पानावर, म्हणजे कंपनीच्या नेटशी जोडणी होते त्या पानावर, घातला. भेटीचे ३०० रुपये. ब्रिज करायचा असेल तर ते यूझरनेम-पासवर्ड आधी कागदावर लिहून मागा. त्या मुलाला ते ऑफिसमधून मिळायला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ घरात नेट नव्हतं.

त्या रात्री मी हात जोडूनच स्टेटस पान उघडलं. वॅन आयपी १०० नं सुरू होत होता. दुसऱ्या खिडकीत ‘माझा आयपी काय’ सांगणारं पान उघडलं, तिथं निराळाच पत्ता. दोन पत्ते जुळत नव्हते.

इथं मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण हीच तपासणी आधी केली असती तर पहिला आठवडा वाचला असता. आयपीव्ही४ या इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात आणि आतल्या आत वेगळे पत्ते वाटतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. याला सीजीनॅट म्हणतात. आपल्या वाड्याबाहेर आणखी एक मोठा वाडा, आणि त्याच्या दारावरचा माणूस कंपनीच्या ऑफिसात. आपण आपल्या राउटरवर कितीही नियम लिहा, पाहुणा त्या बाहेरच्या दारावरूनच परत जातो.

तर राउटरला हात लावायच्या आधी एवढंच करा : राउटरमधला वॅन आयपी आणि बाहेरचं पान सांगतं तो आयपी शेजारी शेजारी लिहा. एकच असतील तर दार तुमच्या हातात आहे. वेगळे असतील, वॅन आयपी १९२.१६८, १० किंवा १०० च्या त्या पट्ट्यातला असेल, तर आधी ते सोडवा. ज्यांच्याकडं दोन्ही टोकांना आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, येते त्यांना यातून वळसा घालता येतो, फक्त राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल वेगळी उघडावी लागते. आमच्याकडं कंपनी ते देत नव्हती.

९ ऑक्टोबर, गुरुवार. ऑफिसात गेले. स्थिर सार्वजनिक आयपी, म्हणजे फक्त आपल्या घराचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता मिळतो, वर्षाला २,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून २,३६०. काउंटरवरच्या मुलीनं आमचा ग्राहक क्रमांक टाकला आणि म्हणाली, “मॅडम, ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांची सही लागेल.”

कनेक्शन माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, नावावर होतं. ते २०२३ मध्ये गेले. बिल भरत राहिलो, नाव बदलायचं कुणाच्या मनातच आलं नाही. त्या पडद्यावर त्यांचं पूर्ण नाव बघून मला क्षणभर बोलता आलं नाही. घरात फायबर घेण्याचा हट्ट त्यांचाच होता, टाळेबंदीत आमचं वाचन ऐकता यावं म्हणून. तरुणपणी ते हौशी नाटकांचे प्रॉम्प्टर होते, म्हणजे नट अडला की हळूच पुढचे शब्द पुरवणारे, राज्य नाट्य स्पर्धेच्या कितीतरी प्रयोगांना विंगेत उभे राहिलेले.

नाव बदलायला लागणारे कागद : मृत्यूचा दाखला, माझं आधार, चालू वीजबिल, एक फोटो, विहित अर्ज, आणि वारसांपैकी बाकीच्यांचं ना हरकत पत्र, शाईच्या सहीनं. मोबाइलवर काढलेला फोटो चालणार नव्हता. २०१९ च्या महापुरापासून आमच्याकडं महत्त्वाचे कागद माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असतात, त्यामुळं दाखला लगेच सापडला. मोठे भाऊजी इचलकरंजीला. १२ तारखेच्या रविवारी एसटीनं गेले, अर्ध्या तिकिटात. भाऊजींनी पत्र पूर्ण वाचलं, सही केली आणि म्हणाले, “अण्णांच्या नावाचं आता एवढंच राहिलं होतं बघ.” परतीच्या वाटेवर मी खिडकीशी बसून रडले. राउटरच्या कामात हे येईल असं वाटलं नव्हतं. घरातली असली खाती कुणाच्या नावावर आहेत ते आत्ताच बघून ठेवा, घाई नसताना.

१३ ला अर्ज दिला, शुल्क ११८ रुपये, पोच घेतली. पोचेवर तारीख आणि शिक्का मागून घ्या. १६ तारखेला फोन केला तेव्हा ‘अर्ज दिसत नाही’ असं उत्तर आलं आणि पोचेचा क्रमांक सांगितल्यावर तो दिसला. १७ ला नाव बदलल्याचा एसएमएस आला. १८ ला, धनत्रयोदशीला, २,३६० भरले. मग दिवाळी. ऑफिस २० ते २३ बंद. नोव्हेंबर जवळ येत होता आणि मला फराळात लक्ष लागत नव्हतं. सासूबाईंनी चकलीचा सोऱ्या माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “तुझं काम लोकांच्या हातात आहे. हे तुझ्या हातात आहे, हे कर.”

मधल्या दिवसांत पुण्याच्या मैत्रिणीनं सुचवलं की बाहेरचा छोटा सर्व्हर भाड्यानं घे, महिना काही शे रुपयांत मिळतो आणि राउटरचा प्रश्नच उरत नाही. तिचं खरं होतं. तुम्हाला चार दिवसांत सुरू करायचं असेल तर तेच करा. आमचे पैसे भरून झाले होते, आणि वर्षाचे २,३६० म्हणजे महिन्याला १९७ पडतात, म्हणून मी थांबले.

२५ ला आयपी सुरू झाल्याचा निरोप आला. राउटर बंद-चालू केला, वॅन आयपी पुन्हा १०० चाच. २७ ला, सोमवारी, कळलं की स्थिर आयपीसाठी यूझरनेम बदललंय आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. नवं घातलं. या वेळी दोन्ही खिडक्यांत एकच पत्ता. मी तो मोठ्यानं वाचला, आकडा आकडा.

लगेच माझ्याच लॅपटॉपवरून तो पत्ता घालून जोडायला गेले. टाइम्ड आउट.

तो क्षण फार वाईट होता. सगळं करून झालं होतं. अर्ध्या तासानं सहज फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून प्रयत्न केला आणि एका क्षणात आत. कारण असं : वाड्याच्या चौकात उभं राहून स्वतःच्याच वाड्याच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र प्रत्येक दारावरचा माणूस परत आत आणतोच असं नाही. काही राउटर आणतात, आमचा आणत नाही. याला हेअरपिन किंवा नॅट लूपबॅक म्हणतात. बाहेरचा पत्ता घरातल्या वाय-फायवरून कधीच तपासू नका, मोबाइल डेटावरूनच तपासा. मी आता मम्बलच्या यादीत दोन नोंदी ठेवल्यात, ‘घर’ला आतला पत्ता आणि ‘बाहेर’ला सार्वजनिक.

२८ ऑक्टोबरच्या रात्री सगळे पहिल्यांदा आत आले. पण आवाज फुटत होता, शब्द गिळले जात होते. मम्बलच्या निरोपांत ओळ होती की यूडीपी जात-येत नाही, टीसीपीवर वळतोय. हा कार्यक्रमाचा समजूतदारपणा आहे, बंद पडण्यापेक्षा तो आवाज टीसीपीतून ढकलतो. पण टीसीपी हरवलेला प्रत्येक तुकडा पुन्हा मागून घेतो आणि तोवर मागचं सगळं थांबतं, म्हणून संवाद अडखळतो. दोष माझ्या नियमात होता, दसऱ्याला पुन्हा लिहिताना फक्त टीसीपी निवडलं होतं. यूडीपीसाठी दुसरा नियम जोडला. पोर्ट उघडा आहे का सांगणारी बरीच संकेतस्थळं फक्त टीसीपी तपासतात, त्यांच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. सोपी खूण मम्बलमध्येच आहे : यादीतला सर्व्हरचा पिंग, म्हणजे हाक जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ, यूडीपीनंच मोजला जातो. तिथं आकडा येत नाही पण जोडता मात्र येतं, तर यूडीपी अडलंय असं समजा. दुरुस्तीनंतर मिरजेचा आकडा १८ मिलिसेकंद आला, बंगळुरूचा ४१.

३१ ला दुपारी लाइट गेली. आल्यावर पुन्हा कुणालाच येता येईना. लॅपटॉपला राउटरनं नवा पत्ता दिला होता, १०५ ऐवजी १०८, आणि नियम रिकाम्या खोलीकडं बोट दाखवत होता. ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ पानावर लॅपटॉपचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून १०५ कायमचा बांधून टाकला. राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी छोटा यूपीएस आणला, १,४५० रुपये. सगळं मिळून ४,२२८ रुपये झाले.

सुरक्षेचं राहिलं. पोर्ट उघडल्यापासून लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, अनोळखी पत्त्यांवरून खटखट दिसायला लागली. म्हणून सर्व्हरला पासवर्ड हवाच, राउटरचा मूळ पासवर्ड बदलायचा, राउटर बाहेरून चालवायची सोय बंद ठेवायची, आणि लॅपटॉप वेळोवेळी अद्ययावत करायचा. मम्बलमधला आवाज वाटेत कूटबद्धच असतो. आणि सगळ्यांनी तारेचे इअरफोन वापरा, ब्लूटूथ पुन्हा उशीर घालतो.

५ नोव्हेंबर, बुधवार, रात्री साडेनऊ. सरांनी पहिला अंक पाठ केला होता, हातात कागद घेणार नव्हते. मम्बलमध्ये एक कळ ठरवून ठेवली की आपला आवाज फक्त एकाच माणसाला ऐकू जातो. ती कळ मी सासूबाईंच्या लॅपटॉपवर सरांच्या नावाशी जोडली होती. सासूबाईंच्या पुढ्यात अण्णांची जुनी प्रॉम्प्टिंगची वही होती.

स्वगताच्या मध्यावर सर थांबले. विराम होता की विसरले होते, आम्हाला कळेना. कुणी ‘ऐकू येतंय का’ असं विचारलं नाही. माझ्या शेजारी सासूबाईंनी कळ दाबली आणि वहीतले दोन शब्द पुटपुटले. इअरफोनमध्ये मला त्यातलं काहीच आलं नाही. मग सरांचा आवाज आला, त्याच दोन शब्दांनी सुरू झालेला, आणि अंक पुढं गेला.